मदत हवी आहे: ओसीडीसाठी (नको असतानाही तेच तेच करायला लावणारा मानसिक आजार) कोकणी-मराठीत थेरपी करणारं कुणी?

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. धाकटा भाऊ रात्री गॅसचा नॉब तपासत बसतो, बंद दिसत असूनही. मग कडी, मग परत गॅस. हात धुऊन धुऊन सोलवटलेत. आई म्हणते, "स्वभावच तसो!" काकांनी तर देवळात प्रसादही लावून घेतला, म्हणजे देवाला कौल मागितला. पण स्वभावानेच काटेकोर असलेल्या माणसाला आपलं वागणं बरोबरच वाटतं. भावाला ते नकोसं झालंय, तरी थांबवता येत नाही.

बांबोळीला डॉक्टरांना दाखवून गोळ्या सुरू केल्यात. आता ईआरपी ही थेरपी हवी, म्हणजे भीती वाटू द्यायची पण तपासायचं नाही. फोंडा-पणजीकडे कुणी करतं का? आणि "बंद आहे ना?" असं त्याने विचारलं की घरच्यांनी काय म्हणायचं? दर वेळी "हो" म्हटल्याने चक्र घट्ट होतं म्हणे.