160 च्या वरचा बुद्ध्यांक मोजता येतो का?

नीरक्षीर
हाय-रेंज बुद्ध्यांक चाचण्यांबद्दल, म्हणजे नेहमीच्या चाचण्यांच्या मर्यादेवरचा बुद्ध्यांक मोजण्याचा दावा करणाऱ्या चाचण्यांबद्दल, माझं मत स्पष्ट आहे, विरोधी मतं वाचायची आहेत म्हणून धागा काढतोय. या चाचण्या कठीण असतात, काही प्रश्न तर फार सुंदर असतात. पण शेवटी 172 किंवा 180 असा जो आकडा हातात पडतो, त्याला संख्याशास्त्राचा आधार नसतो.

आजचा बुद्ध्यांक म्हणजे सरासरी 100 आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) 15 धरून काढलेलं लोकसंख्येतलं स्थान. 130 च्या वर 44 जणांत एक, 145 च्या वर सुमारे 740 जणांत एक, 160 च्या वर साधारण 31,500 जणांत एक आणि 175 च्या वर 35 लाखांत एक. हे प्रमाण कुणी माणसं मोजून काढलेलं नाही, ते घंटाकृती वक्राच्या सूत्रातून आलंय. वेक्सलरच्या प्रौढांसाठीच्या प्रचलित बुद्ध्यांक चाचणीची चौथी आवृत्ती (2008) 2,200 जणांच्या नमुन्यावर बेतली आणि तिच्या कर्त्यांनी 160 वर थांबणं पसंत केलं. 2,200 जणांत 145 च्या वरचे तीनच सापडायची अपेक्षा असते, 160 च्या वरचा बहुधा एकही नाही.

आता मेगा टेस्ट पाहा. रोनाल्ड हॉफ्लिन यांची ही चाचणी 1985 मध्ये ऑम्नी मासिकात छापून आली. 48 प्रश्न, वेळेचं बंधन नाही, घरी बसून सोडवायची. त्यात 43 गुण मिळाले की तुम्ही दहा लाखांत एक, असं मेगा सोसायटी या अतिबुद्धिमानांच्या संघटनेच्या प्रवेशासाठी धरलं गेलं. पण उत्तरं पाठवली कुणी? ज्यांना अशा कोड्यांची आधीच गोडी होती त्यांनी. ही माणसं लोकसंख्येच्या कुठल्या भागातून आली हेच माहीत नसेल, तर दहा लाख हा आकडा कशावर उभा आहे?

उंचमाप
असहमत. 160 ही चाचणीची मर्यादा झाली, माणसाची नव्हे. जुलियन स्टॅन्ली यांनी 1971 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सुरू केलेला अभ्यास आठवा. बारा-तेरा वर्षांच्या हुशार मुलांना त्यांच्या इयत्तेची परीक्षा दिली की सगळेच पैकीच्या पैकी, कुणात काही फरक दिसत नाही. त्याच मुलांना कॉलेजप्रवेशाची सॅट दिली आणि गुण खालपासून वरपर्यंत पसरले. तेराव्या वर्षाच्या आत गणितात 800 पैकी 700 च्या वर गेलेल्यांचा पुढे कित्येक वर्षं मागोवा घेतला गेला. नुसत्या वरच्या एक टक्क्यातही वरचा पाव हिस्सा खालच्या पाव हिस्स्यापेक्षा पीएचडी आणि पेटंटांत पुढे निघाला. टोकाला फरक असतो आणि प्रश्न पुरेसे कठीण असतील तर तो दिसतोही. हाय-रेंज चाचण्या हेच करतात.

नीरक्षीर
@उंचमाप, टोकाला फरक असतो हे मी नाकारलेलंच नाही. पण सॅटला लाखो मुलं बसतात, पर्यवेक्षक असतो, घड्याळ लावलेलं असतं, त्यामुळे गुणांची क्रमवारी कुठल्या समूहात लागली हे ठाऊक असतं. त्या अभ्यासातल्या सर्वांत वरच्या गटाबद्दल दावा दहा हजारांत एक असा होता, म्हणजे 156 च्या आसपास. तिथून 175 ला पोचायचं तर दुर्मीळता साडेतीनशे पट वाढवावी लागते, आणि ती वाढवायला कुठलीच माहिती हाताशी नाही.

मापदंड
तुम्ही वेक्सलरला फार सांभाळून घेताय. 2,200 हा एकूण आकडा झाला. मानकं, म्हणजे गुणांचं बुद्ध्यांकात रूपांतर करणारे तक्ते, वयोगटानुसार काढतात. गट तेरा, तरुण गटांत प्रत्येकी 200 माणसं, वयस्कर गटांत 100. 200 जणांत 130 च्या वरचे चार-पाच सापडतील. 145 च्या वरचे? पाव माणूस! म्हणजे 145 पासून पुढे वेक्सलरचा तक्ताही वक्र गुळगुळीत करून, पुढे ओढूनच तयार होतो. एकाने 160 पर्यंत ओढला तर ते शास्त्र आणि दुसऱ्याने 175 पर्यंत ओढला तर थाप, असं का?

नीरक्षीर
मुद्दा बिनतोड आहे. वेक्सलरवरचा 155 देखील जपूनच वाचावा, यात दुमत नाही. तरी एक भेद राहतोच. तिथे नमुना वय, लिंग, शिक्षण, प्रदेश बघून निवडलेला आहे, चाचणी समोर बसवून प्रशिक्षित माणसाने घेतलेली आहे. म्हणजे रेघ जिथून ओढली ती जागा पक्की आहे. मेगा टेस्टची मानकं बसवताना सोडवणाऱ्यांनी स्वतः कळवलेल्या जुन्या चाचण्यांच्या गुणांचा आधार घेतला गेला. जुने गुण कोण कळवतो? ज्याचे चांगले आहेत तो. तिथे मूळ जागाच डळमळीत आहे.

घनमूळ
मी या चाचण्या अनेक वर्षं सोडवतोय, म्हणून बाजू मांडतो. तीन घन एकमेकांत घुसवले तर अवकाशाचे जास्तीत जास्त किती बंदिस्त तुकडे होतील, अशा जातीचा प्रश्न विचारात घ्या. तो पंचेचाळीस सेकंदांत सुटत नाही. आधी दोनच घन घ्यायचे, कोपरा कुठल्या बाजूतून बाहेर येतो ते पाहायचं, मग तिसरा फिरवून बघायचा, तुकडे मोजायला स्वतःची पद्धत शोधायची, आणि हाती आलेली संख्या मोठ्यात मोठी कशावरून, याचा पुन्हा विचार करायचा. हे चिवट, खोल विचार करणं घड्याळ लावलेल्या चाचणीत कुठे मोजलं जातं? संशोधन करणाऱ्या माणसाला आयुष्यभर हेच करावं लागतं. नमुना सदोष आहे म्हणून अख्खी चाचणी निकालात काढणं मला अन्यायाचं वाटतं.

मध्यमा
संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

@घनमूळ, प्रश्न उत्तम असणं आणि गुणांचं बुद्ध्यांकात रूपांतर बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या चाचण्यांचे कर्ते बहुधा विश्वसनीयता (गुण किती सातत्याने तेच येतात याचं माप, जास्तीत जास्त 1) 0.90 च्या वर आहे असं सांगून थांबतात. ती 0.90 धरली तरी मापनाची प्रमाण त्रुटी 15 गुणिले 0.1 चं वर्गमूळ, म्हणजे 4.7 होते. 95 टक्के खात्री हवी तर दोन्हीकडे नऊ-नऊ गुण सोडावे लागतात. शिवाय ही सरासरी त्रुटी आहे. टोकाला ती वाढते, कारण तिथे फरक दाखवणारे प्रश्न दोन-चारच उरतात. 40 पैकी 37 आणि 38 यांतला फरक एखाद्याच प्रश्नाचा, आणि तक्त्यात त्याचे चार-पाच बुद्ध्यांक गुण होतात. एक शब्द आठवला की 168, नाही आठवला की 164. आणि पैकीच्या पैकी मिळवणाऱ्याचं तर मोजमापच होत नाही. तो निदान इतका वर आहे, एवढंच म्हणता येतं.

त्यात टोकाच्या गुणांचं सरासरीकडे झुकणं (रिग्रेशन) येतं. ज्याला 172 मिळाले त्याच्या खऱ्या पातळीचा उत्तम अंदाज 172 नव्हे. विश्वसनीयता 0.90 असेल तर 100 अधिक 72 च्या नव्वद टक्के, म्हणजे 165 च्या जवळ. आणि त्याने वेगवेगळ्या कर्त्यांच्या दहा चाचण्या देऊन सर्वांत मोठा आकडा सांगितला असेल, तर नशिबाचा वाटा आणखी फुगतो.

सर्वांत कमी बोललं जातं ते जुन्या गुणांशी जोडणी करण्याबद्दल. सोडवणाऱ्यांना नव्या चाचणीवर क्रमाने लावतात, जुन्या गुणांवर क्रमाने लावतात आणि पहिल्याला पहिल्याचा, दुसऱ्याला दुसऱ्याचा बुद्ध्यांक चिकटवतात. दोन्ही चाचण्यांचा सहसंबंध (दोन्हींचे गुण किती जुळतात त्याचं माप) 0.5 असो की 0.9, तक्ता तोच येतो! सहसंबंध 0.5 असेल तर जुन्या चाचणीवर चार प्रमाण विचलनं वर असलेला माणूस नव्यावर सरासरीने दोनच वर असेल. तक्ता वाचणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

उंचमाप
पण हा दोष दुरुस्त होण्यासारखा आहे ना? रॅशचं प्रतिमान हे चाचण्यांसाठीचं संख्याशास्त्रीय सूत्र वापरून प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी वेगळी काढता येते, मग नमुन्यावरचं अवलंबन कमी होतं.

मध्यमा
काठिण्याच्या बाबतीत हो. माणसं आणि प्रश्न एका पट्टीवर बसतात. पण त्या पट्टीवरचा एखादा बिंदू लोकसंख्येत किती दुर्मीळ आहे, हे रॅश सांगत नाही. त्यासाठी पुन्हा लोकसंख्येचा नमुनाच लागतो.

आडवाट
गिनेस बुकमधला 228 हा विक्रमी बुद्ध्यांक कुणी आणला नाही अजून? मॅरिलिन वॉस सावंत यांचा तो आकडा लहानपणीच्या चाचणीतला, मानसिक वयाला खऱ्या वयाने भागून काढलेला. दहाव्या वर्षी मानसिक वय जवळपास 23. त्याच बाईंना मेगा टेस्टवर 48 पैकी 46 मिळाले आणि तिथला आकडा 186 झाला, तोही प्रमाण विचलन 16 धरून. एकाच व्यक्तीचे दोन आकडे, दोन वेगळ्या पट्ट्यांवर. 1990 मध्ये गिनेसने सर्वोच्च बुद्ध्यांकाचा वर्गच बंद केला.

आणि हुशार मुलांचा दीर्घ अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ टर्मनच्या निवडीतून शॉकली आणि अल्वारेझ हे भावी भौतिकशास्त्रज्ञ दोघेही सुटले, पुढे दोघांनाही नोबेल मिळालं. मुळात या आकड्यांचा उपयोग काय?

मापदंड
उपयोगाचा प्रश्न वेगळा, त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे मोजमाप बरोबर आहे का एवढंच चाललंय. शिवाय दोन नावांवरून अख्ख्या अभ्यासाचा निकाल लावता येत नाही.

घनमूळ
@मध्यमा, मग तुमचं समाधान कशाने होईल? निरीक्षणाखाली बसवा म्हणाल, तर सहा आठवडे विचार करायच्या चाचणीला कुणाला आणि कसं बसवणार? निरीक्षण आणलं की वेळेचं बंधन आलं, म्हणजे मला जे मोजायचं आहे तेच गेलं.

मध्यमा
अडचण खरी आहे, पण वाट निघते. उत्तरं घरी सोडवू द्या. नंतर त्यांतली पाच चिठ्ठ्या टाकून निवडा आणि समोर बसवून विचारा, हे उत्तर कसं काढलं. ज्याने स्वतः सोडवलंय तो सांगेल. इंटरनेटवरून किंवा दुसऱ्याकडून उत्तर घेतलेला बहुतेक वेळा दुसऱ्या वाक्याला अडखळेल. सोबत कर्त्याने प्रत्येक प्रश्न किती जणांना सुटला ते जाहीर करावं, एकूण किती उत्तरपत्रिका आल्या ते सांगावं, अपुऱ्या सोडून दिलेल्याही धरून. आणि निकालपत्रावर बुद्ध्यांक लिहू नये. 'या चाचणीला बसलेल्या 412 जणांत तुमचा क्रमांक 7' असं लिहावं.

घनमूळ
तोंडी तपासणी मला मान्य आहे, उद्या बोलावलं तरी येईन. सगळी आकडेवारी जाहीर करावी हेही पटलं. क्रमांकाचं मात्र नाही पटत. ते 412 कोण हे सांगितल्याशिवाय सातव्या क्रमांकाला काही अर्थ नाही, आणि ते सांगायला गेलं की पुन्हा लोकसंख्येशी तुलना आलीच.

नीरक्षीर
येऊ द्या की. फक्त त्या तुलनेसोबत तिची त्रुटीही छापा, 165 अधिक-उणे किती ते. तेवढं छापणारी चाचणी कुणाला माहीत असेल तर इथे सांगा, मी तिच्यावर मनापासून लिहीन.