समुपदेशन पहिल्यांदाच सुरू करायचे आहे, व्यक्ती कशी निवडावी?

गोदाकाठ :
मी नाशिकला राहते, वय 41. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. त्यांच्या शेवटच्या आजारपणात दवाखाना, नोकरी आणि घर सांभाळताना रडायला सवड झाली नाही आणि आता रडूच येत नाही. त्याऐवजी राग येतो आणि तो बहुतेक वेळा माझ्या नऊ वर्षांच्या मुलीवर निघतो. परवा मी आवाज चढवताच तिने दोन्ही कानांवर हात ठेवले, आणि वडील चिडले की लहानपणी मीही अगदी असेच करत असे, हे मला त्या क्षणी आठवले. झोप, भूक, नोकरी सारे ठीक असल्यामुळे घरच्यांना उपचारांची गरज वाटत नाही. मला मात्र हे माझ्यापाशीच थांबवायचे आहे. कोणाकडे जावे, ऑनलाइन सत्रांचा उपयोग होतो का आणि समोरची व्यक्ती आपल्यासाठी योग्य आहे हे कसे ओळखावे?

सोनचाफा :
ताई, मी समुपदेशक म्हणून काम करते. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात आणि औषधे देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात, औषधे देत नाहीत. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीही गैर नाही. समुपदेशक अशी पाटी लावणाऱ्यांच्या प्रशिक्षणात मात्र फार तफावत आढळते, म्हणून शिक्षण कशात झाले, अनुभव किती आणि स्वतःच्या कामावर ज्येष्ठांचे मार्गदर्शन घेतात का, हे आधीच विचारावे. तुम्ही लिहिले आहे त्यावरून चांगल्या समुपदेशकापासून सुरुवात करायला हरकत दिसत नाही; पण झोप उडाली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नका. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली टेली-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

जुना वाडा :
मी सव्वा वर्ष सत्रे घेतली. पहिल्या समुपदेशकांशी सगळे बोलणे इंग्रजीत होत असे. भावाच्या एका वाक्याबद्दल मी ‘आय वॉज हर्ट’ एवढेच सांगू शकलो, आणि ते मनात काहीही न हलता निघून गेले. पुढे दुसऱ्या बाईंकडे तोच प्रसंग सांगताना ‘ते जिव्हारी लागले’ असे तोंडून निघाले आणि मला पुढे बोलता येईना. म्हणून माझा आग्रह आहे, की ज्या भाषेत वडिलांशी बोललात आणि भांडलात, त्याच भाषेत सत्रे घ्या.

योग्य व्यक्ती पहिल्या भेटीत ओळखता येत नाही. तिसऱ्या सत्रात मी या बाईंना सांगितले, की तुम्ही उपाय फार लवकर सांगता, माझे बोलणे अर्धवट राहते. त्यांनी सबब दिली नाही. कुठे अर्धवट राहिले ते विचारले आणि आम्ही तिथपासून पुन्हा सुरुवात केली. तिथून माझा विश्वास बसला. नाराजी बोलून दाखवल्यावर जी व्यक्ती दुखावते किंवा तुम्हालाच दोष देते, तिच्याकडे थांबू नये.

ऑनलाइनचा उपयोग होतो, पण भिंतीपलीकडे घरचे असतील तर माणूस मोकळे बोलत नाही; मी सोसायटीत उभ्या केलेल्या गाडीत बसून बोलत असे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात 1990 मध्ये सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आणि टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही फोनवरील समुपदेशन सेवा, या दोन्ही ठिकाणी चौकशी जरूर करा.

गोदाकाठ :
दोघांचीही मनापासून आभारी आहे. सोमवारी फोन करते. मुलीलाही सोबत न्यावे का? आणि मी जे सांगेन ते घरच्यांना कळेल का?

सोनचाफा :
2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. कोणाच्या जिवाला धोका असेल, अशा मोजक्या प्रसंगी त्याला अपवाद होतो, आणि तो अपवाद तुमच्या समुपदेशकांनी पहिल्याच सत्रात समजावून सांगायला हवा. मुलीला सध्या नेऊ नका, नाहीतर आपल्यामुळेच आई बाहेर जाऊ लागली असे तिला वाटेल. परवाच्या प्रसंगाबद्दल मात्र सोमवारची वाट न पाहता आजच तिच्याजवळ बसून बोला, आणि त्यात तिची काही चूक नव्हती, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा.