हद्दवाढीच्या ग्रामसभेत नेमकं काय मांडावं? मदत हवी आहे (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी आमच्या गावात हद्दवाढीवर (म्हणजे आसपासची गावं कोल्हापूर महापालिकेत घेण्यावर) ग्रामसभा आहे आणि मला तिथं उभं राहून बोलायचं आहे. गावाचं नाव लिहीत नाही. कोल्हापूरला दक्षिणेकडून चिकटलेलं आहे, एवढं पुरे. शहर कुठं संपलं आणि गाव कुठं सुरू झालं हे आता फक्त रस्त्याकडेच्या पाटीवरून कळतं.

आमची परिस्थिती सांगतो. गावठाणात जुनं घर आणि जवळच आबांची बावीस गुंठे जमीन, त्यात ऊस. मी २०१४ ला शेजारच्या गटात दोन गुंठ्यांचा प्लॉट घेऊन घर बांधलं. प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय शेतजमिनीचे गुंठ्यांत तुकडे पाडून विकलेला. घरपट्टी वेळेवर भरतो, नमुना ८ ला (ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत) नाव आहे, पण बांधकाम परवाना म्हणाल तर सरपंचांच्या सहीचा एक दाखला. नळाला पाणी चार दिवसांआड, मे महिन्यात टँकर. सांडपाणी शोषखड्ड्यात जातं आणि जुलै-ऑगस्टमध्ये तेच उलटं न्हाणीत येतं. मुलं शहरातल्या शाळेत, बायकोची नोकरी शहरात, आजारी पडलं की शहरातलं सीपीआर हे सरकारी रुग्णालय. जगणं शहरातलं आणि सातबारा गावाचा.

आबांचं ठाम मत आहे, "हद्दीत गेलं की रान गेलं." २०१६ ला शहरात हद्दवाढीसाठी आणि गावांत तिच्या विरोधात आंदोलनं झाली, तेव्हा आबा विरोधाच्या मोर्चात होते. माझ्या वयाची पोरं म्हणतात, शहरात गेल्याशिवाय पाणी येणार नाही. दोघांच्याही हातात कागद मात्र एकही नाही, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. इतका मोठा निर्णय आणि चर्चा सगळी पारावरच्या ऐकीव गोष्टींवर.

शहराची अडचणही मला दिसते. नगरपालिका १८५४ ची, महापालिका १९७२ ला झाली, क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास. महापालिका झाली तेव्हाची हद्द तशीच राहिली. आत जागा उरली नाही म्हणून घरं एकीकडं पूररेषेकडं सरकली (२०१९ आणि २०२१ ला त्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं) आणि दुसरीकडं आमच्या शिवारात आली. २०१७ ला हद्दवाढीऐवजी ४२ गावांच्या विकासासाठी वेगळं प्राधिकरण झालं. तरीही आमच्या गल्लीची रुंदी दहा फूटच आहे. उद्या आग लागली तर बंब आत वळणार नाही.

मला विचारायचं आहे ते असं: ग्रामसभेच्या ठरावाला कायद्यात वजन किती? घरपट्टी एकदम वाढते का? आबांच्या रानावर आरक्षण पडू शकतं का, आणि पडलं तर काय करायचं? माझ्या गुंठेवारीतल्या घराचं काय होईल? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

— शिवारकाठ

प्रतिसाद: जुना ग्रामसेवक

दादा, तीस वर्षं दप्तर सांभाळलंय, म्हणून लिहितो. हद्द बदलण्याचा अधिकार राज्य शासनाचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३ खाली महापालिकेशी विचारविनिमय करून अधिसूचना निघते, पण त्याआधी प्रारूप प्रसिद्ध करून हरकती आणि सूचना मागवाव्याच लागतात. ठरावानं शासनाचे हात बांधले जात नाहीत. तरी तो बिनकामाचा नाही, फक्त "आमचा तीव्र विरोध आहे" एवढ्या ओळीचा ठराव फायलीत पडून राहतो. कारणं, गट नंबर आणि मागण्या लिहिलेला ठराव उत्तर मागतो. प्रारूप निघाल्यावर त्यात नेमलेल्या अधिकाऱ्याकडं प्रत्येक घरानं स्वतंत्र लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. छापील नमुन्यावर शंभर सह्या घेण्यापेक्षा दहा घरांनी आपापली अडचण लिहिलेली बरी.

पंधराव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर यायचा. विलीन झाल्यावर असा थेट निधी बंद होतो आणि ग्रामपंचायतीची मालमत्ता महापालिकेकडं जाते. गायरान, समाजमंदिर, पाण्याची टाकी, विहीर यांची यादी आत्ताच ठरावाला जोडा.

प्रतिसाद: पूर्व हवेली

मी पुण्याकडची, आमचं गाव हद्दीत गेलेलं. पुण्यात २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं घेतली. घरपट्टी पहिल्याच वर्षी शहराच्या दरानं लागत नाही, जुन्या दरावरून टप्प्याटप्प्यानं चढते. पण चढतेच, हेही आबांना स्पष्ट सांगा. आमचं दुखणं कराचं कमी आणि क्रमाचं जास्त होतं. कराचं बिल घरात आलं, नळाचं पाणी आलं नाही. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं तर पुढं महापालिकेतून बाहेर पडली आणि तिथं स्वतंत्र नगरपरिषद झाली. म्हणून ग्रामसभेत "हो" की "नाही" यापेक्षा "आधी काय" हे विचारा. कुठल्या टाकीतून पाणी देणार, ड्रेनेजची लाइन कुठल्या केंद्राला जोडणार, हे लेखी मागा.

प्रतिसाद: गंगावेस

शहरातला माणूस म्हणून लिहितो, राग मानू नका. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं पाणी २०२३ ला शहरात आलं, तरी आमच्याकडं वितरणाच्या तक्रारी संपलेल्या नाहीत. धरणातून पाणी येणं वेगळं आणि तुमच्या गल्लीत पुरेशा दाबानं पोहोचणं वेगळं. हद्दवाढ व्हावी असं मला मनापासून वाटतं, कारण तुम्ही आम्ही एकाच बाजारात, एकाच केएमटीत (शहर बससेवेत) आहोत. पण गावांना खोटी आशा दाखवून ती व्हायला नको.

प्रतिसाद: नकाशावाचक

आरक्षणाबद्दल. आबांची भीती खोटी नाही, पण ती अर्धी आहे. हद्दीत गेल्यावर नवीन भागाची विकास योजना होते. त्यात रस्ता, शाळा, बाग यांची आरक्षणं कुठल्याही गटावर पडू शकतात. मात्र हद्दीबाहेर राहिलं म्हणजे रान मोकळं, असंही नाही. प्रादेशिक योजनेतले रस्ते आणि झोन आजही लागू आहेत. आधी झोन दाखला (जमीन योजनेत कुठल्या वापरासाठी दाखवली आहे याचा दाखला) काढा, कदाचित आबांच्या रानातून रस्ता आधीच दाखवलेला असेल.

आरक्षण पडलंच तर प्रारूपावर मुदतीत हरकत घ्या. मुदत निघून गेली की भांडण अवघड होतं. पुढं जागा घेतली तर मोबदला रोख किंवा टीडीआरच्या (दुसरीकडं वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या) रूपात मिळतो. अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देता येते. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. कागद जपून ठेवणाऱ्यालाच याचा उपयोग होतो.

तुमच्या घराचं म्हणाल तर गुंठेवारीचा कायदा २००१ चा. २०२१ च्या सुधारणेनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करण्याची सोय झाली, त्यामुळं तुमचं २०१४ चं बांधकाम तारखेत बसतं. रस्त्याच्या किंवा आरक्षणाच्या आड येत नाही ना, हे तपासून अर्ज करा. हद्दवाढीची वाट बघत थांबू नका.

शिवारकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं आबांना वाचून दाखवलं. कलम १२७ चा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. नंतर म्हणाले, "मग २०१६ ला आम्हाला हे कुणीच का सांगितलं नाही?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

पूर्व हवेली ताई, "आधी काय" हा शब्द मी तसाच्या तसा उचलतोय. ठरावात तीन मागण्या घालायचं चाललंय. पाणी आणि ड्रेनेजचा आराखडा प्रारूपाच्या आधी जाहीर करावा. विकास योजना करताना गावातच नकाशा लावून सुनावणी घ्यावी, लोकांना कार्यालयात हेलपाटे घालायला लावू नयेत. गुंठेवारीची प्रलंबित प्रकरणं विलीनीकरणाआधी निकाली काढावीत. आबा सही करणार म्हणालेत, पण "विरोध" हा शब्द वर ठेवूनच. मला ते मान्य आहे.

सोमवारी झोन दाखल्यासाठी जातोय. सातबारा आणि गटाचा नकाशा घेतलाय, आणखी काय न्यावं?

नकाशावाचक:

मोजणीची "क" प्रत (सरकारी मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा) असेल तर तीही न्या. हद्दीचा वाद निघाला की तीच कामाला येते. आणि आबांनाही सोबत न्या, नकाशात आपलं रान त्यांनी स्वतः बघायला हवं.