प्रति: घरी छर्रे ओतण्याबद्दल

एअर पिस्तुलाचे छर्रे भंगारातलं शिसं वितळवून घरीच ओतले तर विकतच्या डबीचा खर्च वाचेल, असं एकाने अमेरिकेतल्या व्हिडिओंचा दाखला देऊन म्हटलंय. पटलं नाही. ते व्हिडिओ काडतुसाच्या पिस्तुलाच्या ओतीव गोळ्यांचे आहेत. इथे काडतूस बनवायला शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवाना लागतो, तो विषय तिथेच संपला. आणि आपल्या १० मीटर एअर पिस्तुलाचा छर्रा मुळात ओतलेला नसतोच, मऊ शिसं न वितळवता डायमध्ये (धातूच्या साच्यात) दाबून घडवतात. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, कंबर बारीक, मागचा घेर कागदासारखा पातळ. तो घेरच हवेच्या दाबाने फुलून नळीच्या आट्यांत (आतल्या पिळदार खाचांत) बसतो. लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ फक्त ११.५ मिमी, त्यामुळे घेर जरा चेपला तरी शॉट बाहेर.

हे मी हात पोळून शिकलो. गंगापूर रोडला राहत असताना स्कूटरच्या डिकीत डबी उघडी पडली, छर्रे गोळा करून तसेच वापरले. तीन शॉट नवात, चौथा थेट सहात! तेव्हापासून डबीत फोमचा तुकडा. दुसरं म्हणजे, छर्रा ओठांत धरून पिस्तूल लोड करणारी मुलं अजून दिसतात (मीही त्यातलाच होतो, आईने पाहिलं तेव्हा सुटली सवय). शिसं पोटात जातं बाबांनो. सराव संपल्यावर साबणाने हात धुवा, मगच मिसळीकडे वळा.