सिम्युलेटरसाठी सीनरी: पुणे-मुंबई-सह्याद्री पट्ट्यासाठी काय घ्यावं? (सल्ला हवा)

रनवे२८

नमस्कार मंडळी,

घरच्या विमान-सिम्युलेटरवर हात बऱ्यापैकी बसलाय, पण खाली दिसणारी जमीन (सीनरी) काही केल्या आपली वाटत नाही. एक्सप्लेन १२ वापरतो. लोहगावहून (पुणे विमानतळ) सेसना १७२ हे छोटं विमान घेऊन निघालं की खाली कुठल्याही देशात खपतील अशी शेतं, परदेशी वळणाची उतरत्या छपरांची घरं, आणि सिंहगडाच्या जागी एक गुळगुळीत टेकाड. टीव्हीच्या मनोऱ्यावरून तरी ओळखावा, तर तोही तिथे नाहीच!

खर्चाची तयारी चारेक हजारांची आहे. डोक्यात चार पर्याय घोळतायत. मुंबई विमानतळाची विकतची सीनरी घ्यावी, की ऑर्थो४एक्सपी हा फुकटचा प्रोग्रॅम वापरून उपग्रहचित्रं जमिनीवर अंथरावीत? सिमहेवनचं एक्स-वर्ल्ड (घरं, झाडं, रस्ते यांचा संच) फुकट आहे, ते पुरेल का? की हे सगळं सोडून सरळ मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटर २०२४ वर उडी मारावी?

मशीन: रायझन ५ ५६००, ३२ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० (१२ जीबी). एसएसडीवर साडेतीनशे जीबी मोकळे. नेट १०० एमबीपीएस, पण पावसाळ्यात त्याचा भरवसा नाही. बहुतेक वेळ घाटात आणि गडांवरून कमी उंचीने उडतो, अधूनमधून शनिवारी रात्री वॅटसिमवर (हवाई नियंत्रकांसह ऑनलाइन उड्डाण) एअरबस घेऊन मुंबई-गोवा.

कॉकपिटकाका

एअरबस आणि सेसना यांचं उत्तर एक नाही, तेव्हा आधी तुम्हीच ठरवा कुठल्या उंचीसाठी पैसे घालायचे ते. पस्तीस हजार फुटांवरून खाली ढग आणि धुरकट तपकिरी पट्टा दिसतो, त्यासाठी कुणी दमडी खर्चू नये. एअरबसवाल्याला जमीन दिसते ती शेवटची दहा मिनिटं आणि टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना. त्याने विमानतळ घ्यावा. सेसनावाल्याला उलट विमानतळाशी दोन मिनिटांचा संबंध, बाकी सगळा वेळ डोंगर.

मुंबईचा विमानतळ विकत घेण्याआधी एक्सप्लेनच्या सीनरी गेटवेवर काय आहे ते बघा. लोकांनी बनवलेले विमानतळ तिथून अपडेटसोबत फुकट येतात. आणि घेतलाच, तर स्क्रीनशॉटमध्ये टर्मिनल २ आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्या. ते फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झालं. त्याआधीच्या काळातली मुंबई नवं वेष्टन लावून विकणारे महाभाग अजून आहेत.

टिवल्याबावल्या

एवढी उठाठेव कशाला? २०२४ घ्या, लॉगिन करा, उडा. बिंगचे नकाशे असल्याने सगळी पृथ्वी आयती मिळते. ऑर्थोच्या नादी लागलेले लोक टाइल (जमिनीचे तुकडे) बनवण्यातच म्हातारे होतात, उडायचं राहूनच जातं.

गडवाट

टिवल्याभाऊ, आमचं म्हातारपण आम्हाला लखलाभ. :)

रनवे२८, मी नेमकं तुमच्यासारखंच उडतो, गड आणि घाटमाथा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सीनरी म्हटलं की सगळे फोटोबद्दल बोलतात. सह्याद्रीसाठी फोटो दुय्यम, आधी उंची. खालची जमीन ही उंचीच्या आकड्यांची एक जाळी असते, फोटो तिच्यावर अंथरलेला असतो. जगभर वापरले जाणारे हे आकडे मुख्यतः फेब्रुवारी २००० मध्ये स्पेस शटलने रडारने केलेल्या मोजणीतून आलेत. आपल्याकडचा जुना संच ९० मीटरचा, म्हणजे दर नव्वद मीटरला एक उंची. आता राजगडाची संजीवनी माची डोळ्यांसमोर आणा. लांब, पण रुंदी किती? जाळीच्या एका-दोन घरांत मावते. मग माचीचा होतो उंचवटा आणि तटाखालच्या कड्याचा होतो उतार. कितीही महागाचा फोटो अंथरा, तो त्या उंचवट्यावरच बसणार.

३० मीटरचे आकडे फुकट मिळतात. इस्रोच्या भुवनवर कार्टोसॅट-१ पासून केलेलं कार्टोडेम आहे, युरोपचं कोपर्निकस आहे. ऑर्थो४एक्सपीला टाइल बनवताना ही फाइल देता येते. सोबत 'करव्हेचर टॉलरन्स' मूळ २ असतो तो १ च्या आसपास आणा, म्हणजे कड्याच्या धारेवर जमिनीच्या जाळीचे त्रिकोण जास्त पडतात. तोरण्याची झुंजार माची पहिल्यांदा माचीसारखी दिसली ती यानंतर. फोटो तोच होता.

दोन गोष्टी तरीही मिळणार नाहीत. जाळीत एका ठिकाणी एकच उंची असते, त्यामुळे सुवेळा माचीचं नेढं, म्हणजे खडकातलं भोक, कुठल्याच सीनरीत आरपार दिसायचं नाही. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आत वळलेला आहे, तो सरळ भिंत होऊन येतो. शिवाय उपग्रहाचा फोटो वरून घेतलेला. उभ्या कड्याच्या वाट्याला त्यातले दोन-चार ठिपके येतात आणि तेच खालपर्यंत ओघळल्यासारखे ताणले जातात. कड्याला अगदी चिकटून गेलात की हे ओघळ दिसतात, पाव मैल लांब राहिलात की नाही.

रनवे२८

गडवाट, हे कुणी असं सांगितलंच नव्हतं. जागेचं काय पण? साडेतीनशे जीबीत किती मावेल?

गडवाट

टाइल म्हणजे एक अंश गुणिले एक अंश. तुमचं नशीब थोर आहे: उत्तर १८, पूर्व ७३ या एका टाइलमध्ये लोहगाव, सिंहगड, राजगड, तोरणा, रायगड, लोणावळा, माथेरान आणि नवी मुंबईचा नवा विमानतळ, सगळं येतं. प्रतापगड-महाबळेश्वर खालच्या टाइलमध्ये, सांताक्रूझ (मुंबईचा मुख्य विमानतळ) आणि जुहू वरच्या डावीकडच्या, कळसूबाई वरच्या.

झूम (चित्राची बारीकी) १६ ला एक ठिपका सव्वादोन मीटरच्या आसपास, १७ ला त्याच्या निम्मा, १८ ला आणखी निम्मा. दर पायरीला आकार चौपट होतो. हिशेबाने १६ ला टाइलमागे दीड-दोन जीबी, १७ ला सहा-सात, १८ ला पंचवीसच्या घरात. सगळीकडे १८ लावण्याच्या फंदात पडू नका, डिस्कपेक्षा तुमच्या ग्राफिक कार्डाचा घास होईल. पूर्ण टाइल १६ वर करा आणि गडांभोवती व धावपट्टीभोवती हाताने चौकट आखून तेवढंच १८ ठेवा. ती सोय आत आहे.

लेस्टरकर

इकडे मी ऑर्बक्सचं ट्रूअर्थ ग्रेट ब्रिटन वापरतो, पैसे देऊन. फोटो, इमारतींच्या उंच्या, झाडं, सगळं जुळवून दिलेलं, बसवायचं आणि निघायचं. घरावरून उडताना शेजारच्याचं शेडसुद्धा सापडतं. असं काही सह्याद्रीसाठी माझ्या पाहण्यात नाही आणि येईल असंही वाटत नाही, कारण गिऱ्हाईक किती, आपण वीस-पंचवीस टाळकी. त्यामुळे तिकडे विकतचं म्हणजे फक्त विमानतळ, आणि जमीन स्वतःची स्वतः करायची. मी पुण्यात सुट्टीला आलो की वडिलांच्या मशीनवर गडवाट सांगतात तसंच करतो.

पिंपळपान

एक खोच राहिली. पावसाळ्यात घाटावर ढग असतात, त्यामुळे उपग्रहाला स्वच्छ चित्र मिळतं ते दिवाळीनंतर ते मे. म्हणजे ऑर्थो काय किंवा बिंग काय, तुमचा सह्याद्री बारमाही वाळलेल्या गवताच्या रंगाचा. आणि दोन तुकडे वेगवेगळ्या महिन्यांतले असले की मध्ये सरळ रेषेत रंग बदलतो, मुळशीच्या बाजूला हे फार खुपतं. जुलैतला हिरवा ताम्हिणी हवा असेल तर चित्रांचे रंग हाताने बदलण्याला पर्याय नाही. मी थोडं केलंय, पण धरणांचं पाणीही हिरवं होतं.

दुसरं, नुसत्या ऑर्थोवर रस्ते, घरं, झाडं ही फक्त चित्रात. वांद्रे-वरळी सागरी सेतू पाण्यावर काढलेल्या रेघेसारखा दिसतो, आणि रात्री सगळं काळंकुट्ट. म्हणून वर सिमहेवन हवंच. ऑर्थो की सिमहेवन असा प्रश्नच नाही, ते थर आहेत. सिमहेवन ओपनस्ट्रीटमॅपवर चालतं. पुण्यात बरंच भरलेलं आहे, मावळातल्या वाड्यावस्त्यांत विरळ.

टिवल्याबावल्या

बघा, शेवटी रंग हाताने, घरं हाताने. माझ्याकडे २०२४ मध्ये हे सगळं न करता दिसतं.

पिंपळपान

दिसतं, मान्य. काय दिसतं ते पण सांगा की! इमारती ब्लॅकशार्कच्या प्रणालीने फोटोवरून ओळखून उभ्या केलेल्या आहेत, जगभरात दीड अब्ज. गिरगावातली चाळ आणि नाशकातला गाळा तिला सारखाच. २०२० च्या पहिल्या यादीत हाताने बनवलेले तीस विमानतळ होते, त्यात भूतानचं पारो होतं, नेपाळचं लुकला होतं, आपला एकही नव्हता. आणि २०२४ मध्ये बहुतेक सगळं नेटवरून येतं. धागाकर्ते म्हणतायत पावसाळ्यात नेट जातं. ऐन खिंडीत नेट गेलं की डोंगर मेणाचा होतो.

एवढं मात्र टिवल्याभाऊंच्या बाजूने: ज्याला फाइलींत हात घालायचा कंटाळा आहे, त्याच्यासाठी २०२४ च बरं. फुकटचे भारतीय विमानतळ फ्लाइटसिम डॉट टू वर बघा, कम्युनिटी फोल्डरमध्ये टाकले की झालं. विकत घ्याल तर शक्यतो बनवणाऱ्याच्या साइटवरून. आतल्या मार्केटप्लेसमधलं कुलूपबंद असतं, धावपट्टीचा आकडा चुकला तरी हात लावता येत नाही.

कॉकपिटकाका

पैशांचं व्यवहारी बोलू. एक विमानतळ पंधरा ते पंचवीस युरो, म्हणजे कार्डाचा परदेशी अधिभार धरून तुमच्या चार हजारांत एक, फार तर दोन. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून ठेवा. नोव्हेंबरअखेर सगळीकडे सवलती लागतात, तोवर दम धरवत असेल तर धरा. ऑर्थो, सिमहेवन, उंचीचे आकडे, सगळं फुकट. मी तुमच्या जागी असतो तर त्या चार हजारांत आणखी एक एसएसडी घेतली असती.

आणि जुहूला विसरू नका. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पस मॉथ विमानातून उतरले ते जुहूला. कुठलीही मुंबई सीनरी घेतली तरी जुहूची धावपट्टी तिच्यात धड आहे का ते बघा. १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून तिथेच उतरलं होतं. पश्चिमेकडून येताना दोन्ही एकामागोमाग दिसल्या तरच हा घोळ कसा झाला ते कळतं.

रनवे२८

नवी मुंबईचं काय? मी गेटवेवरचा टाकला तर टोकाला भिंतच उभी राहिली.

गडवाट

ती भिंत म्हणजे उलव्याची टेकडी. प्रत्यक्षात नव्वदेक मीटरची टेकडी फोडून सपाट केली, उलवे नदीही वळवली. पण शटलची मोजणी २००० ची. कोपर्निकसमागचं टॅनडेम-एक्स या रडार उपग्रहांचं काम २०११ ते २०१५ चं, सुरुंग लागले त्यानंतर. त्यामुळे फुकटच्या सगळ्या आकड्यांत टेकडी जिवंत आहे. विमानतळाच्या फाइलीत 'सपाट करा' चालू असेल तर हद्दीच्या आतलं कापलं जातं आणि हद्दीवर कडा उरतो. इलाज म्हणजे ऑर्थो४एक्सपीच्या पॅचेस फोल्डरमध्ये त्या भागाची उंची देणारी छोटी फाइल. जोसम या नकाशे काढायच्या प्रोग्रॅममध्ये बहुकोन काढायचा आणि उंची लिहायची, इतकंच. तिथे अटल सेतूही जुन्या चित्रात सापडणार नाही, तो जानेवारी २०२४ चा. चित्राचा पुरवठादार बदलून बघा, कधी एकाचं नवं असतं कधी दुसऱ्याचं.

रनवे२८

ठरलं तर मग. मुंबई विकत घेणं नोव्हेंबरवर. १८-७३ ची टाइल १६ वर, राजगड-तोरणा-रायगड आणि लोहगाव १८ वर, कार्टोडेम, वर सिमहेवन. रात्री लावून झोपतो. फाइलींचा क्रम कसा ठेवायचा?

पिंपळपान

सीनरी_पॅक्स फाइलीत जो वर तो जिंकतो. विमानतळ सगळ्यात वर, मग सिमहेवन, मग वाय-ऑर्थो हे ओव्हरले (रस्ते-घरांचा थर), तळाला झेड-ऑर्थो (जमीन आणि तिच्यावरची चित्रं). नावांच्या सुरुवातीला वाय आणि झेड ठेवलेत ते याचसाठी. झेड वर गेलं की रस्ते आणि घरं गायब होतात आणि लोक इथे येऊन सिमहेवनला शिव्या घालतात. ओव्हरले वेगळं बटण दाबून बनवावं लागतं, टाइलसोबत आपोआप होत नाही. आणि ऑर्थो४एक्सपीची एक्सप्लेन १२ साठीचीच नवी आवृत्ती उतरवा, जुनीने पाणी आणि ऋतू बिघडतात.

पंचगंगा

वाचनखूण साठवली. कोल्हापूरसाठी १६-७४ ची टाइल कुणाकडे तयार आहे का? पन्हाळा-विशाळगड करायचंय.

गडवाट

तयार टाइल वाटणं चित्रांच्या परवान्यात बसत नाही, त्यामुळे इथे मागू नका आणि कुणी देऊही नका. सेटिंगची फाइल आणि पन्हाळ्याभोवतीची चौकट देतो, व्यनि (खासगी निरोप) करा. विशाळगड मात्र शेजारच्या १६-७३ मध्ये जातो, दोन्ही कराव्या लागतील.