बीडच्या पोरींनी न्यूयॉर्कला जावं का?

पाटोदा_ताई:
आमच्याकडच्या चार पोरी मार्च 2026 मध्ये न्यूयॉर्कला जायची तयारी करतायत. संयुक्त राष्ट्रांचा महिला आयोग दरवर्षी मार्चमध्ये तिथे बसतो, यावेळचा मुख्य विषय आहे बायकांना न्याय मिळणं. मुख्य सभागृहात नाही, त्याच्या आसपास संस्थांचे कार्यक्रम होतात त्यातल्या एकात ऊसतोड बायकांवर बोलायला दहा मिनिटं मिळालीयत. चौघींपैकी तिघींचे आईबाप ऊसतोडीला जातात. मी त्यांच्या मराठीचं इंग्रजी करायला बसते आणि काल दोन तास एकाच शब्दावर अडकलो, खाडा. एक दिवस उसाच्या फडात गेलं नाही की उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीतून, पैसे कापतात तो खाडा. मी पटकन ‘फाइन’ लिहून टाकलं तर एक जण म्हणाली, ताई फाइन नका लिहू, फाइन चूक केल्यावर भरतात, माझी आई बाळंत झाली होती. शेवटी खाडा शब्द तसाच ठेवला आणि खाली तिच्या आईचे ते दिवस लिहिले. मला मनापासून वाटतं यांनी जावं. वर्गणी काढतोय, पण गावात दोन तट पडलेत म्हणून इथे विचारते.

माजलगावकर:
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. व्हिसाची फीच 185 डॉलर, त्यात तिकीट, राहणं, माणशी दोन लाखाच्या खाली काही जात नाही. चौघींचे आठ लाख. तेवढ्यात ऊसतोड मजुरांच्या किती कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, पाणी आणि आडोसा होईल? मजूर नेणारा ठेकेदार, मुकादम, काय न्यूयॉर्कला बसलाय का. आणि 2019 ला काय झालं आठवतंय ना, गर्भाशय काढलेल्या बायकांचा सरकारी समितीने सर्व्हे केला, 82 हजारांवर ऊसतोड बायका तपासल्या त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली, सगळ्या देशाने वाचलं, आणि पुढच्या दिवाळीला तेच कोयते, म्हणजे तोडणीच्या नवराबायकोच्या जोड्या, त्याच ट्रॅक्टरमध्ये चढले. माहिती कमी पडली म्हणून काही अडलेलं नाहीये.

कोर्टातली_मी:
दादा, बाहेरचा कागद इथे कसा लागू पडतो ते सांगते. राजस्थानात भंवरीदेवींवर 1992 ला बलात्कार झाला, बालविवाह थांबवायचं सरकारी काम करत होत्या म्हणून. कामाच्या जागी बाईला त्रास झाला तर काय करायचं याचा तेव्हा आपल्याकडे कायदाच नव्हता. 1997 ला विशाखा निकालात सुप्रीम कोर्टाने आधार घेतला तो संयुक्त राष्ट्रांच्या 1979 च्या महिला कराराचा, त्याला भारताने 1993 ला मान्यता दिलेली. त्यातून नियम आले, मग 2013 चा कायदा. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सगळे पुरुष’ होतं ते ‘सगळी माणसं’ व्हावं म्हणून संयुक्त राष्ट्रांत भारताच्या प्रतिनिधी असलेल्या आपल्या हंसाबेन मेहता भांडल्या, त्याही कुणीतरी पाठवल्या म्हणूनच तिथे होत्या ना.

माजलगावकर:
1997 ते 2013, सोळा वर्षं. आणि ज्या भंवरीदेवींमुळे हे सगळं झालं त्यांच्या स्वतःच्या केसमध्ये 1995 लाच आरोपी बलात्कारातून सुटले. उलट आपल्या देसाईगंजची मथुरा केस बघा, मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच पोलिसांनी बलात्कार केल्याची. 1978 ला सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं, कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, बाया रस्त्यावर आल्या आणि 1983 ला कायदा बदलला. कुठे परदेशात जावं लागलं? आणखी एक, मार्च म्हणजे सीझनचं शेवटचं टोक, ज्यांच्याबद्दल बोलणार त्या बायका तेव्हा सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात फडात असणार. त्यांना कुणी विचारलंय का?

कोयत्याची_लेक:
मी त्या चौघींत नाही, पण आई अजून कोयत्यावर आहे. दादांचं शेवटचं वाक्य मला लागलं कारण ते खरंय, आईला आजवर कुणीच काही विचारलेलं नाही. पण आम्ही मुकादमाला बोललो की तो म्हणतो जा कुणाला सांगायचं ते सांग. कारखाना म्हणतो बाया आमच्या नाहीतच, मुकादमाच्या. मग सांगायचं कुणाला? 2024 ला न्यूयॉर्कच्याच एका मोठ्या पेपरात आपल्या बायकांवर आलं तेव्हा साखर घेणाऱ्या बड्या कंपन्यांना उत्तरं द्यावी लागली, ते इथल्या मोर्च्याने झालं नव्हतं. मोर्चे मीही काढलेत, म्हणून बोलते.

पाटोदा_ताई:
सीझनचं दादा बोलले ते आमच्या डोक्यात यायला हवं होतं, नाही आलं. आज पोरींशी बोलले. चौघींऐवजी दोघी जातील, खर्च अर्धा. उरलेल्या दोघी जानेवारीत कोप्यांवर जाऊन ते भाषण मराठीत वाचून दाखवणार, बायका जे खोडायला सांगतील ते खोडायचं, मगच इंग्रजी फायनल.

माजलगावकर:
कोप्यांवर वाचणार असाल तर माझी जीप घ्या, डिझेल माझं. न्यूयॉर्कची वर्गणी मात्र देणार नाही, ते मला अजूनही पटलेलं नाही.

पाटोदा_ताई:
जीप चालेल दादा. रात्री आठनंतर निघावं लागेल, बायका फडातून येऊन भाकरी टाकेपर्यंत तेवढं होतं, आणि पहाटे तीनला परत गाडी भरायची असते त्यांना.