‘बलिदान’, ‘त्याग’, ‘यज्ञ’ की ‘अर्पण’? ईस्टरच्या लेखात अडलेला एक शब्द

मूळ प्रश्न
आमच्या मंडळीच्या पत्रिकेसाठी ईस्टरवरील एका इंग्रजी मनोगताचा अनुवाद करताना मी एकाच वाक्यापाशी तीन दिवस अडले आहे. त्या वाक्यात ‘सॅक्रिफाइस’ हा शब्द दोनदा येतो. पहिल्यांदा तो ख्रिस्ताने वधस्तंभावर जे केले त्यासाठी येतो, आणि लगेच पुढे उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत, आपण जे सुख बाजूला ठेवतो त्यासाठी. लेखकाचे सारे म्हणणे हा शब्द दोन्हीकडे एकच असण्यावर उभे आहे. मी आधी ‘बलिदान’ आणि मग ‘त्याग’ असे लिहिले, तेव्हा वाक्य सरळ झाले, पण त्यातला दुवा तुटला. दोन्हीकडे ‘बलिदान’ लिहावे तर चाळीस दिवस गोड न खाण्याला एवढा मोठा शब्द लावणे मला अनुचित वाटते, आणि दोन्हीकडे ‘त्याग’ लिहावे तर वधस्तंभच फिका पडतो. दोन्ही अर्थ पेलणारा शब्द मराठीत आहे का?

प्रतिसाद १
‘बलिदान’ आपल्याला मोठा वाटतो तो रणांगणावरील मृत्यूशी जोडला गेल्यामुळे. मुळात बली म्हणजे देवतेला किंवा भूतमात्राला दिलेला भाग. काकबळीत कोणाचाही जीव जात नाही, पानावर भाताचा घास ठेवला जातो. शब्दाचा हा जुना, व्यापक अर्थ आपण जागा केला तर दोन्हीकडे ‘बलिदान’ चालेल.

प्रतिसाद २
व्युत्पत्ती मान्य आहे, परंतु वाचक व्युत्पत्ती वाचत नाही, तो रूढ अर्थ वाचतो. शिवाय मराठी बायबलने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. लेवीय पुस्तकाच्या पहिल्या पाच अध्यायांत होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण आणि दोषार्पण असे पाच प्रकार येतात, आणि ‘अर्पण’ हे पद पाचांनाही सामाईक आहे. होमार्पणात पशू वेदीवर पूर्ण जाळला जातो, तर अन्नार्पणात पशूच नसतो, असते ते पीठ, तेल आणि ऊद. रक्त आणि पीठ या दोहोंना एकाच पदाने सामावून घेणारी ही परंपरा हाताशी असताना नवा शब्द का शोधावा?

प्रतिसाद ३
आपण ‘यज्ञ’ विसरलात. इब्री लोकांस पत्रात ख्रिस्ताचे मरण एकदाच आणि कायमचे केलेले यज्ञार्पण ठरते, आणि रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात प्रेषित पौल विश्वासणाऱ्यांना आपली शरीरे ‘जिवंत यज्ञ’ म्हणून समर्पण करायला सांगतो. मूळ लेखकाला हवा असलेला दुवा तो हाच. मीमांसकांच्या, म्हणजे वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांच्या, मते यागाची (यज्ञाची) अंगे तीन: द्रव्य, देवता आणि त्याग. आहुती देताना ‘इदं न मम’ म्हणतात, तोच त्याग. म्हणजे ताईंना परस्परविरोधी वाटणारे दोन शब्द मुळात एकमेकांच्या पोटात आहेत.

प्रतिसाद ४
वैदिक कर्मकांडाची परिभाषा ख्रिस्ती उपासनेत आणण्यास माझा विरोध आहे. ‘यज्ञ’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर होमकुंड येते. माझी आजी राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, साखर बंद करीत असे आणि वाचलेले पैसे गरजूंना देत असे. ती त्याग किंवा अर्पण असे काहीच म्हणत नसे. ‘साखर सोडली आहे’ एवढेच म्हणे. मला तो शब्द सर्वांत खरा वाटतो.

प्रतिसाद ३ (पुन्हा)
मग ‘अर्पण’ तरी कोठून आला? तोही संस्कृतच आहे. ‘मला दया पाहिजे, यज्ञ नको’ हे वचन प्रभूच्या मुखी मराठीत याच शब्दाने वाचत आपण मोठे झालो. पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थनेत रुळलेला शब्द परका कसा?

मूळ प्रश्नकर्ती
सर्वांची आभारी आहे. माझी अडचण आता थोडी बदलली आहे. ‘सोडणे’ आणि ‘त्याग’ यांत वस्तू हातून जाते आणि गोष्ट तेथेच संपते. आजच्या ‘बलिदान’ शब्दातही गेलेला माणूस परत येत नाही. ईस्टरला मात्र अर्पिलेला जीव परत मिळतो, आणि पुनरुत्थान म्हणजे पित्याने ते अर्पण स्वीकारल्याची खूण, असे मी समजते. म्हणून घेणारा कोणी आहे हे सुचवणारा शब्द मला हवा आहे. ‘अर्पण’ तसा आहे, पण ‘मी उपवासकाळात चहा अर्पण केला’ हे वाक्य लिहिताना अजूनही हात थांबतो.

प्रतिसाद ५
थोडे विषयाजवळचेच विचारतो. वल्हांडणाचा कोकरा या शब्दप्रयोगातील ‘वल्हांडण’ (मिसरातून झालेल्या सुटकेच्या स्मरणाचा यहुदी सण) हा शब्द वल्ह्यावरून आला आहे ना? इस्राएल लोकांनी तांबडा समुद्र पार केला, म्हणून वल्हे, असे मला लहानपणी सांगण्यात आले होते.

प्रतिसाद २ (पुन्हा)
तसे नाही. समुद्र त्यांनी कोरड्या भूमीवरून पायी ओलांडला, तेथे वल्ह्याचे काम नव्हते. बायबलमधील निर्गम पुस्तकाच्या १२व्या अध्यायात दाराच्या चौकटीवर कोकऱ्याचे रक्त पाहून परमेश्वर ती घरे ओलांडून जातो, त्या ओलांडण्यावरून हे नाव आहे. ‘वलांडणे’ हे ‘ओलांडणे’चेच जुने रूप.

प्रतिसाद ४ (पुन्हा)
आम्ही कॅथलिक ‘पास्का’ म्हणतो. ग्रीक आणि लॅटिन भाषांत वल्हांडण आणि ईस्टर या दोन्ही सणांना तोच एक शब्द आहे, त्यामुळे कोकरा आणि ख्रिस्त यांचा संबंध नावातच राहतो. ‘वल्हांडण’ आणि ‘ईस्टर’ असे दोन शब्द करून मराठीने येथेही दुवा तोडलाच आहे.

प्रतिसाद ५ (पुन्हा)
परंतु ‘पास्का’ ऐकून ओलांडण्याचा अर्थ कोणाला कळणार? ‘वल्हांडण’ निदान मराठी कानाला काही सांगतो, मग तो वल्ह्यावरून आलेला असो वा नसो.